जानेवारीचा महिना वाहाकात, आईबाबांना घेऊन: घर, पाणी, शाकाहारी जेवण कसं जमवायचं?

सातारी_मेघ

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर विचारतेय, सांभाळून घ्या. आम्ही मिनिआपोलिसला राहतो, आईबाबा साताऱ्याहून आलेत आमच्याकडे. बाबा ७३, कृषी खात्यातून निवृत्त, आई ६८. डिसेंबर कसाबसा निघाला पण आता दोघंही दिवसभर घरातच. बाबांना आयुष्यभर पहाटे उठून चालायची सवय आणि इथे उणे वीसमध्ये फूटपाथवर बर्फाचा थर, पाय घसरला तर काय या भीतीने मीच त्यांना बाहेर सोडत नाही, आणि ते काही बोलत नाहीत पण चेहऱ्यावर कळतं ना.

तर आम्ही ठरवलंय की जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून एक महिना मेक्सिकोत वाहाकाला घर भाड्याने घेऊन राहायचं. कॅनकूनचे रिसॉर्ट वगैरे नकोयत, आईबाबा तिथे पूलकडे बघत बसून काय करणार. खरंखुरं शहर हवंय जिथे सकाळी पिशवी घेऊन भाजी आणायला जाता येईल. माझं काम लॅपटॉपवर आहे, महिनाभर दुसऱ्या देशातून करायला ऑफिसकडून लेखी परवानगी घेतलीय. नवरा शेवटी शेवटी येईल, तोवर मी एकटी आणि हे दोघं.

आईचे गुडघे दुखतात, जिने आणि चढ नको. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. बाबा अंडं आणि मासे खातात. पाणी कसं असतं, रात्री थंडी किती, वस्ती कुठली बघू, व्हिसाचं काय (त्यांच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा आहे, माझ्याकडे ग्रीनकार्ड), आणि महिनाभर या दोघांचं मन कशात रमेल? कुणी तिथे राहून आलं असेल तर प्लीज लिहा, नुसती प्रेक्षणीय स्थळांची यादी गूगलवर मिळतेच.

---

माळरान

मेघताई, मी ह्यूस्टनला असतो आणि आम्ही दोघं हिवाळ्यात वाहाकाला जाऊन राहतो, त्यामुळे हे मनापासून आवडीचं आहे माझ्या. निर्णय अगदी बरोबर घेतलात. हवा सांगतो आधी. शहर साधारण १५५० मीटरवर आहे म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही थोडं उंच, आणि जानेवारी हा कोरडा मोसम, पाऊस जवळपास नसतोच. दुपारी पंचवीस सत्तावीसपर्यंत जातं, छान ऊन असतं, पण सूर्य गेला की झपकन गार होतं आणि पहाटे आठ दहापर्यंत उतरतं. घरांना हीटिंग नसतं हे लक्षात ठेवा. जाड भिंती, फरशी गार, त्यामुळे स्वेटर, पायमोजे, घरात घालायच्या चपला आणि आईंना शाल हे सगळं न्याच, घरमालकाला जादा ब्लँकेटं आधीच मागून ठेवा.

आता वस्ती. इंटरनेटवर सगळे तुम्हाला हालात्लाको सांगतील, फार सुंदर आहे, रंगीत भिंती, चित्रं, सगळं खरं, पण रस्ते दगडगोट्यांचे आहेत आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोज त्यावरून चालायला लावू नका. सोचिमिल्को पण तसंच, शिवाय चढ. सेंट्रो म्हणजे जुनं शहर, तिथे सगळं हाताशी असतं पण फूटपाथ अरुंद, कडा उंच, मधेच एखादी पायरी, मधेच खांब. माझं मत विचाराल तर एल यानो नावाची बाग आहे तिच्या आसपास बघा. सपाट, मोठी झाडं, बाकं, सकाळी कितीतरी म्हातारी माणसं फेऱ्या मारत असतात. बाबांना पहिल्याच दिवशी तिथे सोडा, पुढचा महिना त्यांची काळजी करावी लागणार नाही. तिथून सांतो दोमिंगोचं चर्च चालत जाण्यासारखं आणि ला मेर्सेद मंडईही फार लांब नाही. नाहीतर रेफोर्मा ही वस्ती, नवी, रस्ते बरे, जुन्या शहराची शोभा नाही पण दवाखाने, औषधाची दुकानं, सुपरमार्केट जवळ.

घर तळमजल्याचंच घ्या. गुडघ्यासाठी तर आहेच पण वाहाका भूकंपाच्या पट्ट्यात आहे. शहरात भोंगे लावलेत, लांबवर मोठा धक्का झाला की लाटा पोचायच्या आत काही सेकंद ते वाजतात. आईबाबांना हे तिथे जायच्या आधी शांतपणे सांगा, भोंगा वाजला की चपला घालून अंगणात किंवा रस्त्यावर यायचं बास, म्हणजे अचानक ऐकून घाबरायला होणार नाही.

आणि पाणी!! याच्यावर मी जरा जास्त लिहितो कारण घर बघताना लोक वायफायचा स्पीड विचारतात आणि हे विचारतच नाहीत. वाहाकात पाण्याची टंचाई खरी आहे. नळाला रोज पाणी येत नाही, काही भागात तर कित्येक दिवसांनी येतं, म्हणून प्रत्येक घराला जमिनीखाली टाकी असते तिला सिस्तेर्ना म्हणतात आणि गच्चीवर तिनाको म्हणजे आपली सिंटेक्सची टाकी. पाणी संपलं की टँकर मागवतात, त्याला तिथे पिपा म्हणतात. तुम्ही जाताय तेव्हा पावसाळा संपून तीन महिने झालेले असतात, तर घरमालकाला स्पष्ट विचारा: सिस्तेर्ना किती लिटरची, घरात किती बिऱ्हाडं तिच्यावर, पाणी संपलं तर पिपा कोण मागवणार आणि पैसे कुणाचे. जो नीट उत्तर देईल त्याचं घर घ्या. आणि आपणही मग बादलीने अंघोळ, भांडी घासताना नळ बंद, एवढं पाळायचं. सातारच्या माणसांना हे शिकवायला नको. आपण पाहुणे म्हणून तासभर शॉवर सोडला तर शेजारच्या बाईला तिच्या पैशाने टँकर मागवावा लागतो, हे डोक्यात ठेवून राहावं असं मला फार वाटतं.

प्यायला नळाचं पाणी अजिबात नाही. वीस लिटरचा जार मिळतो, गार्राफोन, रिकामा देऊन भरलेला घ्यायचा, विकणारे गल्लीतून ओरडत जातात. तोच वीस लिटरचा जार उचलून उलटा लावायला तुम्हाला जड जाईल म्हणून घरात पंप किंवा कलता स्टँड आहे का बघा. दात घासायला पण तेच पाणी. भाज्या धुवायला जंतुनाशक थेंब मिळतात कुठल्याही दुकानात, कोथिंबीर पालेभाजी त्या पाण्यात बुडवून ठेवायची मग वापरायची. आणि संडासात कागद टाकायचा नाही, बाजूला डबा असतो त्यात, तिथले पाइप जुने आणि अरुंद आहेत.

---

जुईची_आजी

मेघना म्हणू की मेघ, तुझ्या आईच्याच वयाची आहे मी म्हणून एकेरी लिहिते हं. आम्ही मुलीकडे डॅलसला असतो आणि तिच्याबरोबर वाहाकाला जाऊन राहिलेय. मी पण अंडं खात नाही. घाबरू नकोस, उपाशी राहणार नाही आई, उलट बाजारात गेल्यावर तिला आपल्या मंडईत आल्यासारखं वाटेल.

पण हॉटेलात खाताना जपावं लागतं. नुसतं शाकाहारी आहे म्हटलं की मांसाचे तुकडे वगळतात आणि बाकी तसंच देतात. तिथे घेवड्याची उसळ डुकराच्या चरबीत परततात, भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, आणि त्लायुदा म्हणून ती मोठी कडक पोळी असते तिच्यावर आधी आसिएंतो फासतात, ती पण चरबीच, मेमेला म्हणजे छोटी जाड पोळी, तिच्यावर पण तेच. म्हणून एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव आणि दाखव: सिन मांतेका, सिन आसिएंतो, सिन काल्दो दे पोयो, सिन कार्ने. म्हणजे चरबी नको, आसिएंतो नको, कोंबडीचं पाणी नको, मांस नको. बायका फार मायेने ऐकतात, समजावून सांगितलं की करून देतात. मोले म्हणजे ती काळी किंवा लाल दाट आमटी, तीही कोंबडीच्या पाण्यातली असते म्हणून मी विचारल्याशिवाय खात नाही. तामाले म्हणजे पानात गुंडाळून उकडलेलं मक्याचं पीठ, त्यात पण चरबी घालतात. आणि केसिय्यो हे दोरीसारखं गुंडाळलेलं चीज सगळ्यांना आवडतं, मी पण खाते, पण दूध फाडायला जनावराचं रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजण, वापरलेलं असू शकतं तेव्हा आई कडक पाळत असेल तर तिला आधी सांग, ठरवू दे तिला.

निर्धास्त काय खावं तर ताजी टोर्टिया, त्यात मका, चुना आणि पाणी एवढंच. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर ठेवतात, मग धुऊन दळतात, त्याने सालं सुटतात आणि पीठ चिकट होतं. हे भिजलेलं पीठ, त्याला स्पॅनिशमध्ये मासा म्हणतात, मंडईत किंवा गिरणीवर किलोवर मिळतं. मी ते आणून हातावर थापून तव्यावर टाकते, थोडी जाड, भाकरीच म्हण ना, आणि त्यावर घरची चटणी. आईला पहिल्या दिवसापासून हे करायला दे, तिला घर आपलं वाटेल.

बाजारात घोळू मिळते, वेर्दोलागास म्हणून, माठासारखी पालेभाजी मिळते, भोपळ्याची फुलं जुड्या बांधून ठेवलेली असतात, त्यांची भजी कर किंवा कांद्यावर परत. चायोते म्हणून हिरवी फळभाजी असते ती दुधीसारखी करता येते. निवडुंगाचे कोवळे पंजे काटे काढून चिरून विकतात, जरा बुळबुळीत लागतात पण तव्यावर कोरडे भाजले की छान. चिंच, कोथिंबीर, मिरच्या, लिंबं, पेरू, पपई, चिकू, शेंगदाणे सगळं आहे. मसूर आणि छोले मिळतात, तूरडाळ, पोहे, गव्हाचं आपल्यासारखं पीठ नाही मिळणार. हळद हिंग गोडा मसाला पॅकबंद ने, कस्टमच्या फॉर्मवर लिही, बिया आणि ताजं काही नेऊ नकोस. उपासाला तर मजाच आहे, राजगिऱ्याची चिक्की आणि लाडू तिथे रस्त्यावर विकतात, आलेग्रिया म्हणतात, राजगिरा मुळात तिकडचाच.

आणि हो, तुम्ही असतानाच संक्रांत येतेय. तीळ त्यांच्या मोलेत पडतात त्यामुळे मंडईत ढीग असतो, आहोन्होली माग, आणि गुळाला पिलोन्सिय्यो म्हणतात, छोट्या सुळक्यांसारख्या ढेपा. मऊ असेल तो बघून घे, कडक असेल तर किसायला दम लागतो. तीळगूळ करा आणि शेजारी द्या, आम्ही दिला तर समोरच्या आजीने संध्याकाळी चॉकलेटचा कप आणून दिला. तिथे चॉकलेट पाण्यात किंवा दुधात घुसळून पितात, मिना नावाच्या रस्त्यावर गिरण्या आहेत, कोको, बदाम, दालचिनी, साखर आपण सांगू त्या प्रमाणात समोर दळून देतात. सकाळी त्या रस्त्यावरून नुसतं चालत गेलं तरी वास येतो.

---

पूर्वकिनारा

मी वेगळं मत मांडतो. वयस्कर माणसं असतील तर मेरिदाचा विचार करा. पूर्ण सपाट शहर, समुद्रसपाटीजवळ, रात्री गारठा नाही, प्रोग्रेसोचा समुद्र अर्ध्या पाऊण तासावर, रस्ते सुरक्षित, मोठी हॉस्पिटलं. गुडघे आणि श्वास दोन्हीला सोपं. आम्ही सासूबाईंना घेऊन तिथेच राहिलो आणि त्या खूष होत्या. भोपळ्याच्या बियांची चटणी असते सिकिल पाक म्हणून, टोमॅटो घालून वाटलेली, शाकाहारी माणसाला तीच पुरते.

---

माळरान

मेरिदा चांगलंच आहे, वाद नाही, ज्यांना गारठा सोसत नाही किंवा ज्यांचा चालण्याचा प्रश्न जास्त आहे त्यांनी तिकडेच जावं. पण तिथे जानेवारीत पण दुपारी तीस गाठतं, फेब्रुवारीत त्याहून वर, दमट हवा, आणि मग म्हातारी माणसं परत एसीच्या खोलीत बसतात. मेघताईंच्या बाबांना चालायचंय आणि ते शेतीतले आहेत, म्हणून मी वाहाकावर ठाम आहे. त्यांना तिथे जे दिसेल ते दुसरीकडे कुठे दिसणार नाही.

मका तिथलाच हो. वाहाकाजवळच्या मित्ला गावापाशी गिला नाकित्स नावाची गुहा आहे, तिथे मक्याची कणसं सापडली ती सहा हजार वर्षांहून जुनी, आणि भोपळ्याच्या बिया तर दहा हजार वर्षांच्या आसपास. यागुल आणि मित्लाच्या त्या गुहांचा परिसर २०१० साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतला. गुहेपर्यंत जायची गरज नाही, सांतो दोमिंगोच्या मागे वनस्पतींची बाग आहे तिथे निवडुंगाच्या, आगावेच्या (घायपाताच्या) केवढ्या जाती, आणि पिकांची ओळख. आणि आजूबाजूच्या खेड्यात अजून मका, घेवडा आणि भोपळा एकाच रानात लावतात, मिल्पा म्हणतात त्याला. मक्याच्या ताटावर वेल चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतात. जानेवारीत रानं मोकळी असतात पण कणसं माळ्यावर, आढ्याला टांगलेली दिसतात, पांढरी, पिवळी, निळसर काळी, लाल. बाबांना बाजारात दाणे विकणाऱ्या बाईंजवळ सोडा, भाषा नसली तरी दोघं अर्धा तास बोलतील.

बाजाराचे वार ठरलेले आहेत, आपल्या आठवडी बाजारासारखेच. बुधवारी एत्ला, गुरुवारी साचिला, शुक्रवारी ओकोत्लान, रविवारी त्लाकोलूला. रविवारचा सगळ्यात मोठा, खोऱ्यातली झापोतेक, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांची, गावंच्या गावं उतरतात, बायकांचे रंगीत रुमाल बघूनच कळतं कोण कुठल्या गावची. सकाळी लवकर जा, दुपारी गर्दीत आईंना त्रास होईल. शहरातल्या बेसबॉल स्टेडियमजवळून बस आणि शेअर टॅक्सी मिळतात पण शेअर टॅक्सीत दाटीवाटी असते, तुम्ही दिवसाची गाडी ठरवा आणि वाटेत तूलेचं झाड बघा, सायप्रसच्या जातीचं, खोडाचा घेर साधारण ४२ मीटर. आईबाबांना देवळात गेल्यासारखं वाटेल, शेजारी चर्च आहेच. त्याच रस्त्याला तेओतित्लान, तिथे मागावर गालिचे विणतात, निवडुंगावरचे किडे चिरडून लाल रंग करतात, लिंबू पिळलं की तो रंग समोर बदलतो ते दाखवायला सांगा. भावात फार ओढाताण करू नका, एका गालिच्यामागे कित्येक आठवडे गेलेले असतात.

मोन्ते अल्बान जरूर बघा पण सकाळी उघडल्याबरोबर, सावली नाही, टोपी आणि पाणी हवं. डोंगराचा माथा सपाट करून झापोतेकांनी वसवलेलं शहर, ख्रिस्तपूर्व ५०० च्या सुमाराचं. आईंना पिरॅमिडवर चढायची गरज नाही, मधल्या मैदानातून सगळं दिसतं. तिथल्या सात नंबरच्या थडग्यात १९३२ साली पुरातत्त्वज्ञ अल्फोन्सो कासो यांना सोनं, पोवळी, कोरलेली हाडं सापडली, तो ठेवा सांतो दोमिंगोच्या म्युझियममध्ये आहे, तो बघून मग वर जा म्हणजे दगडांना अर्थ येतो. मित्ला आईंना जास्त सोपं जाईल, भिंतीवर छोटे छोटे दगड बसवून केलेली नक्षी, चुना न वापरता. इएर्वे एल आग्वाचा दगडी धबधबा फोटोत भारी दिसतो पण चढउतार बराच आणि गावांच्या वादामुळे मधे बंदही होता, मी या वेळी सोडूनच द्यायला सांगेन.

एका आठवड्यात दोन बाहेरचे दिवस पुरे. बाकी दिवस मंडई, बाग, संध्याकाळी सोकालोवर, म्हणजे मुख्य चौकात, बाकावर बसून बँड ऐकणं. महिनाभर राहायचा फायदा तोच आहे, पळापळ करायची असेल तर आठवडा पुरला असता.

---

वऱ्हाडी_दूत

व्हिसाचं सांगतो. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, १८० दिवसांपर्यंत राहता येतं, ग्रीनकार्डवरही तसंच. पण दिवस किती द्यायचे ते तिथला अधिकारी ठरवतो आणि शिक्क्यावर लिहितो, तिथेच उभं राहून आकडा बघून घ्या. राहण्याचा पत्ता आणि परतीचं तिकीट छापून हातात ठेवा. आता महत्त्वाचं, आईबाबांचं आय-९४, म्हणजे अमेरिकेत किती तारखेपर्यंत राहता येईल याची नोंद, कधी संपतंय ते बघा. मेक्सिकोला जाऊन आलं की नवे सहा महिने मिळतात असं बरेच जण धरून चालतात, तसं गृहीत धरू नका, परतीच्या तारखेआधी पुरेसे दिवस शिल्लक राहतील असाच कार्यक्रम आखा.

त्यांचा इन्शुरन्स मेक्सिकोत चालतो का लेखी विचारा, पाहुण्यांसाठीच्या पॉलिसी पुष्कळदा अमेरिकेपुरत्याच असतात किंवा बाहेरचं कव्हर फार कमी. औषधं मूळ डब्यात आणि प्रिस्क्रिप्शनसकट. सुडोइफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या नेऊ नका, मेक्सिकोत त्यावर बंदी आहे आणि अमेरिकेतल्या साध्या गोळ्यांत ते असतं, डबा वाचा. किरकोळ ताप खोकल्याला औषधाच्या दुकानाला लागूनच डॉक्टर बसलेला असतो, फी अगदी थोडी.

विमान ह्यूस्टन किंवा डॅलसवरून थेट वाहाकाला मिळतं, ते घ्या, छोटा विमानतळ आहे, इमिग्रेशन तिथेच होतं आणि म्हाताऱ्या माणसांना सोपं जातं. पण एक गोष्ट. परतताना जमलं तर दोन दिवस मेक्सिको सिटीत थांबा, खास बाबांसाठी सांगतोय. आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांमुळे भारतात परतता येईना म्हणून १९२४ मध्ये मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्यावर संशोधन केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेती शाळा उभारल्या. दिएगो रिवेरा या मेक्सिकन चित्रकाराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलंय, मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीत, भाकरी वाटणाऱ्या माणसाच्या रूपात. कृषी खात्यात आयुष्य घालवलेल्या मराठी माणसाने ते चित्र समोर उभं राहून बघावं असं मला मनापासून वाटतं. मी बघितलं तेव्हा बराच वेळ हललो नव्हतो.

---

सातारी_मेघ

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. बाबांना खानखोज्यांचं वाचून दाखवलं तर ते उठून बसले, म्हणाले नाव ऐकलंय, कॉलेजात एका सरांनी सांगितलं होतं. आता त्यांनी स्वतःच वहीत आठवडी बाजाराचे वार उतरवून घेतलेत. एल यानोजवळ एक तळमजल्याचं घर बघितलंय, अंगण आहे, मालकीणबाईंनी सिस्तेर्नाचा फोटोच पाठवला!

आजी, मेघनाच म्हणा. अजून दोन तीन गोष्टी. फटाके आणि मिरवणुकांचा आवाज रात्री खूप असतो असं वाचलं, बाबांची झोप सावध आहे. परदेशी लोक येऊन राहिल्यामुळे स्थानिक लोक नाराज आहेत असंही वाचलं, आपलं जाणं त्यांना नकोसं होईल का? आणि माझ्या कामाचं, वेळेचा फरक, इंटरनेट?

---

जुईची_आजी

आवाज असतो ग, देवळातले फटाके पहाटे पण उडतात, कुत्री भुंकतात, बँड जातो. चर्चच्या अगदी शेजारचं घर नको एवढं बघ आणि बाबांना कापसाचे बोळे दे. पण मिरवणूक दिसली की बाहेर येऊन बघा, मोठमोठ्या कागदी बाहुल्या नाचवतात आणि कुणालाही सामील होता येतं. दोन फेब्रुवारीला कांदेलारिया असतो, घरोघरी बाळयेशूची मूर्ती नवे कपडे घालून चर्चमध्ये नेतात आणि सगळे तामाले खातात. सहा जानेवारीच्या गोड पावात ज्याला छोटं बाळ सापडलं त्याने त्या दिवशी तामाले द्यायचे अशी रीत आहे. तुम्हाला कुणी बोलावलं तर जा, आईला अगोदर फळं किंवा चॉकलेट हवंय म्हणून सांगितलं तर कुणी वाईट मानत नाही.

---

माळरान

नाराजी आहे आणि ती रास्त आहे. जुन्या शहरातली घरं पर्यटकांना दिवसावर द्यायला लागल्यापासून भाडी वाढली, तिथल्याच लोकांना बाहेर सरकावं लागलं, त्याविरुद्ध मोर्चेही निघाले, भिंतीवर लिहिलेलं दिसेल तुम्हाला. आपण काय करू शकतो तर ज्या घराचे मालक स्वतः तिथेच राहतात अशांकडून घ्यायचं, जे तुम्ही केलंत, मंडईतून घ्यायचं, कामाला येणाऱ्या बाईला नीट पैसे द्यायचे, दुकानात शिरताना आधी बुएनोस दीआस (शुभ सकाळ) म्हणायचं मग वस्तू मागायची, जेवणाऱ्या माणसाशेजारून जाताना प्रोवेचो, म्हणजे सावकाश जेवा, म्हणायचं. हे शेवटचं आईबाबांना आधी शिकवा, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलं की तिथले लोक लगेच हसून बोलतात. इंग्रजीत ओरडून बोलणाऱ्यांचा राग येतो लोकांना, तुमच्यासारख्या तीन पिशव्या घेऊन मंडईत येणाऱ्या घराचा नाही.

वेळेचं सोपं आहे. मेक्सिकोने २०२२ मध्ये घड्याळ पुढेमागे करणं बंद केलं, वाहाका वर्षभर तुमच्या हिवाळ्यातल्या वेळेवरच असतं, म्हणजे जानेवारीत मिनिआपोलिस आणि वाहाका एकच वेळ. भारताशी साडेअकरा तासांचा फरक, साताऱ्याला फोन सकाळी आठला केलात तर तिकडे संध्याकाळचे साडेसात. प्लग आणि व्होल्टेज अमेरिकेसारखंच, त्यामुळे अमेरिकेत घेतलेला मिक्सर चालेल, आईंचा भारतातला २३० व्होल्टचा नाही. फायबर इंटरनेट शहरात बऱ्यापैकी आहे, मालकीणबाईंना स्पीडचा स्क्रीनशॉट मागा आणि कामाच्या टेबलाजवळचाच मागा, कारण जाड दगडी भिंतीतून वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही. तेल्सेल या तिथल्या मोबाइल कंपनीचं सिम घेऊन ठेवा, वीज गेली तर मोबाइलवर मीटिंग निभावते.

रोख पैसे बँकेच्याच एटीएममधून काढा आणि मशीन डॉलरचा भाव लावून देऊ का विचारतं तेव्हा नाही म्हणा, तुमच्या बँकेचा भाव जवळपास नेहमी बरा असतो. सुट्टे जपून ठेवा, मंडईत पाचशेची नोट मोडणं अवघड. टॅक्सीला मीटर नसतो, बसायच्या आधी भाव ठरवायचा. विमानतळावरून मात्र आतल्या काउंटरवरच तिकीट काढून शेअर व्हॅन किंवा टॅक्सी घ्या.

---

सातारी_मेघ

मालकीणबाईंना टेबलाजवळच्या स्पीडचं विचारलंय, संध्याकाळपर्यंत कळवते म्हणाल्या. इन्शुरन्सवाल्यांना मेल केलीय. तिकिटं ह्यूस्टनवरूनच काढतोय, परतीला मेक्सिको सिटीत दोन रात्री, व्हीलचेअर दोन्हीकडे सांगून ठेवतेय आईसाठी. माळरान दादा, तुम्ही दोघं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथे असाल तर रविवारी त्लाकोलूलाला एकत्र जाऊया का? बाबा म्हणतायत गाडीचं आम्ही बघू.

---

माळरान

असू की. २ तारखेच्या नंतरचा रविवार धरा, सकाळी आठला एल यानोच्या सांतो दोमिंगोकडच्या कोपऱ्यावर. घरून नाश्ता करून येऊ नका, बाजारात तव्यावर ताज्या टोर्टिया मिळतात. आईंची चटणी तेवढी बरोबर घ्या.